मामांचं बोट आणि सशाचे दात

माझ्या मामांना जगातली कुठलीही बंद वस्तू बघवत नाही. ती उघडून, आत काय आहे ते बघून, जमलं तर पुन्हा बंद करून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. घोडेगावला एसटी स्टँडजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे हा स्वभाव पोटापाण्याच्या कामी आला असं म्हणता येईल. पण मामा घड्याळांवर थांबत नाहीत. मामींच्या कुकरची शिट्टी त्यांनी तीनदा खोलली आहे. शिनोलीला एका लग्नात ऐन बुद्धवंदनेच्या वेळी लाऊडस्पीकरच्या मशीनचं झाकण मामांच्या हातात होतं. "खरखर कुठनं येती ते बघत व्हतो," असं त्यांनी नवऱ्या मुलाच्या वडिलांना शांतपणे सांगितलं. खरखर थांबली होती हे खरंच, कारण आवाजच थांबला होता. दुकानात कुणी बंद घड्याळ घेऊन आलं की मामा आधी जय भीम नाहीतर रामराम घालतात, मग ते केव्हा बंद पडलं, तेव्हा तुम्ही काय करत होता, पाण्यात हात घातला होता का, रात्री उशाखाली ठेवता का, असं विचारत सुटतात. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "भाऊ, घड्याळ दुरुस्त करताय का माझी जबानी घेताय?" मामा म्हणाले, "आधी समजू तर द्या राव."

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मामा स्वतः सातवीपर्यंत शिकले आणि मी सायन्सला गेले त्या दिवसापासून त्यांनी असं धरून चाललं आहे की आता घरात सगळ्या प्रश्नांची उत्तरं आली. "आमची भाची सायन्सला हाय, तिला इचारा," असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. मग कुणी मला गाभण म्हशीबद्दल विचारतं, कुणी टीव्हीवर मुंग्या का येतात ते विचारतं. मला बहुतेक काही येत नाही. पण मामा शेजारी उभे राहून इतक्या कौतुकाने माझ्या तोंडाकडे बघत असतात की "माहीत नाही" हे दोन शब्द माझ्या जिभेवर येऊन परत जातात, आणि मी पुस्तकात असलेलं, जवळपासचं काहीतरी सांगून सुटका करून घेते.

ससा आणला तो याच कुतूहलापायी. ससा डोळे उघडे ठेवून झोपतो असं कुणीतरी मामांना सांगितलं होतं. ओतूरच्या बाजारात एक पांढरा ससा दिसला, तसा तो पिशवीत घालून ते घरी घेऊन आले आणि दुकानामागच्या पडवीत त्याला खोक्याचा पिंजरा करून दिला. त्यानंतर आठवडाभर दुपारी दुकानाला अर्धं फळकूट लावून मामा पिंजऱ्यासमोर बसायचे. ससा झोपला आहे की नुसता बसला आहे हे ओळखायचं कसं, हा नवाच प्रश्न तिथे निघाला. मामी म्हणायच्या, "तुमीबी डोळं उघडं ठेवूनच झोपताय की दुकानात. तुमाला कोण पिंजऱ्यात घालतंय?"

एका सकाळी लसूणघास देताना तो ससा मामांना चावला. उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाला, म्हणजे चिमट्यात स्क्रू धरायच्या बोटाला. मामा ओरडले नाहीत. त्यांनी डोळ्याला काम करायचं काळं भिंग लावलं आणि जखम बघितली. मग घड्याळाचे भाग धुवायच्या वाटीतल्या पेट्रोलमध्ये बोट बुडवलं. "गंज निघतो यानं, जंतूचं काय घेऊन बसलीस," असं मला म्हणाले. वरून मामींनी हळद दाबली. शेजारचा चहावाला आला आणि त्याने कुत्र्याचा नियम सशाला लावून टाकला. "भाऊ, धा दिवस जनावर बघा. ससा जगला म्हंजे तुमी जगला. न्हाईतर पोटात चौदा इंजेक्शनं."

मामा माझ्याकडे वळले. "तू सांग पोरी. काळजी करायची का न्हाई?"

सशाच्या पचनसंस्थेची आकृती मी न बघता काढू शकत होते. ससा माणसाला चावला तर काय करायचं, हे मात्र त्या पुस्तकात कुठेच नव्हतं. चहावाला बघत होता, मामी बघत होत्या. मी म्हणाले, "ससा उंदराच्या जातीचा नाही मामा. त्याच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी दोन बारके दात असतात."

हे उत्तर त्या प्रश्नाचं नव्हतं, हे मला बोलतानाच कळलं होतं. पण मामांचा चेहरा उजळला. "दातामागं दात?" ते म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत भिंग डोळ्यावर चढवून, सशाला मांडीत घेऊन त्यांनी त्याचं तोंड उघडलं. ससा दुसऱ्यांदा चावला. त्याच बोटाला, आणि या वेळी खोल. मामांनी बोट सोडवून घेतलं, रक्त लेंग्याला पुसलं आणि मला म्हणाले, "हायेत. दोन म्होरं, दोन मागं, चार हायेत. पुस्तक खरं हाय."

"घड्याळाची पोटं फाडून झाली," मामी म्हणाल्या, "आता सशाचं तोंड फाडताय व्हय?"

पुढचे दोन दिवस सगळ्यांनी सशाची काळजी घेतली. तो घास खातो का, पाणी पितो का, नाक किती वेळा हलवतो, हे मामा सेकंदकाट्यावर मोजत होते. चहावाला सकाळी आला की आधी सशाची तब्येत विचारायचा. ससा तर छान होता. उलट जरा जाडच झाला. बोटाला मात्र चिंधी बांधलेली होती आणि तिच्याकडे बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण विचारलं तर मामा पुन्हा मला विचारतील, या भीतीने मी गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा मामा दुकानाच्या फरशीवर वाकून पडलेला स्क्रू शोधत होते. तो स्क्रू त्यांच्या हातून चौथ्यांदा पडला होता. मी चिंधी सोडली. बोट लाल, तापलेलं, चकचकीत, आणि सूज मनगटाकडे निघालेली.

"मामा," मी म्हणाले, "मला माहीत नाही. परवाही माहीत नव्हतं. दवाखान्यात चला."

मामांनी उठून दुकानाची फळकुटं लावली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ससा कुठला, पिंजऱ्याबाहेर जातो का, त्याला कधी कुत्रं किंवा मुंगूस चावलंय का, हे सगळं विचारलं. मग म्हणाल्या, घरातल्या अशा सशापासून पिसाळण्याची भीती जवळजवळ नसते. "पण पहिल्याच दिवशी साबण लावून नळाखाली चांगलं धुवायचं आणि इथे यायचं. पेट्रोल कसलं लावता? आणि सशाकडे काय बघत बसलात, बोटाकडे बघायचं." त्यांनी पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या. "आणखी दोन दिवस काढले असते तर बोट राहिलं नसतं," असंही म्हणाल्या. त्या वेळी मामा भिंतीजवळच्या रक्तदाबाच्या मशीनमधला पारा बघत होते. ऐकलं ते मीच.

बोट बरं झालं. फक्त त्याच्या टोकाला आता पूर्वीसारखा स्पर्श समजत नाही. बायकांची बारीक घड्याळं आली की मामा ती हातात घेतात, भिंगातून मन भरेपर्यंत आत बघतात आणि झाकण लावून म्हणतात, "हे पुण्याला दाखवा ताई, लई नाजूक काम हाय." ओळखीचं कुणी असलं तर बोट पुढे करून सशाची गोष्ट सांगतात. शेवटी माझ्याकडे मान वळवून म्हणतात, "हिनं ऐन टायमाला नेलं म्हणून बोट ऱ्हायलं. सायन्सला हाय ना." ते तीन दिवस त्यांच्या गोष्टीत कधीच नसतात. ते विसरले आहेत की मुद्दाम गाळतात, हे मला अजून कळलेलं नाही. मी दरवेळी ठरवते की आज मध्येच थांबवून खरं सांगायचं. पण समोरचा माणूस माझ्याकडे बघून मान डोलावतो, मामा हसतात, आणि मी खाली मान घालून माझ्या वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं करते.