जिभेखालची दहा मिनिटं

माजरीच्या कोळसा खाणीत कंबर धरली तेव्हा दुखणं थांबवायच्या सुया सुरू झाल्या. पुढं कंबर सुधारली, सुया काही सुटेनात. अफूच्याच कुळातलं औषध ते. शेवटी बायकोनं मला चंद्रपूरच्या व्यसनमुक्ती दवाखान्यात धाडलं. तिथं रोज सकाळी एक पांढरी गोळी जिभेखाली ठेवायची. ती विरघळली की सुईची तलफ आणि अंगातली कळ दोन्ही शमतात, असं डॉक्टरांनी समजावलं.

चार दिवस झाले तरी सुई तुटल्यानं वाहणारं माझं नाक थांबेना. हात थरथरत होते, जांभयांनी जबडा दुखत होता. सगळ्यांना वाटलं, हा चोरून सुया टोचून घेतो, म्हणूनच गोळी लागू पडत नाही. आणि मी तर आयुष्यात पहिल्यांदाच इतकं खरं बोलत होतो! पाचव्या दिवशी बायको कपड्यांची पिशवी भरूनच सोबत आली.

"आज फरक नाई पडला तं मी इथूनच आरमोरीले मायकडं जातो," ती म्हणाली.

मी घाबरत गोळी जिभेखाली ठेवली. तोंडात पाणी सुटलं तसा बाकावरून उठलो आणि बाहेरच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी पचकन थुकलो. पुन्हा थुकायला वाकलो, तर खिडकीतून नर्सबाई ओरडल्याच.

"भाऊ, खर्रा हाय काय तो?"

वीस वर्षं खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली तंबाखू-सुपारी, चघळलेला माणूस मी. आमच्याकडे तोंडात काही धरलं की रस थुकायचाच असतो. आधीचे चार दिवस गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे माझं सगळं औषध त्या लिंबानं घेतलं होतं! त्याची काय व्यसनं असतील ती सुटली असणार.

डॉक्टर पोट धरून हसले आणि त्यांनी नवी गोळी द्यायला सांगितली. बायको समोर स्टुलावर बसली, नजर माझ्या ओठांवर. गोळी विरघळेपर्यंत दहा मिनिटं थुकायचं नाही, गिळायचं नाही, बोलायचं नाही. ही संधी ती कशाला सोडते? तेवढ्यात तिनं लग्नापासूनचं सगळं काढलं आणि मला एक अक्षर उलटून बोलता येईना. हसू दाबून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याही आलं, पण ते हसण्याचं नव्हतं.

दुपारपर्यंत नाक थांबलं. मग भूक लागली, कडकडून भूक! दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले आणि तिसरी मागवली.

परत निघालो तेव्हा एसटी स्टँडवर आरमोरीची गाडी उभी होती. तिनं त्या गाडीकडे पाहिलं आणि पिशवी माझ्याकडे दिली.

"धरा. उद्या बी बोलाचं हाय मले."

मी पिशवी धरली. हात थरथरत नव्हता.