टिकणार नाही, असं अर्डिथ म्हणाली

मिलर्सफोर्डमध्ये बेसबॉल कळत नाही असं कबूल करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पाद्र्यापासून प्लंबरपर्यंत प्रत्येकाला ठाऊक असतं की क्लबने कुणाला द्यायला नको होतं आणि कुणाला घेतलं म्हणून वाटोळं झालं. या सगळ्या शहाण्यांमध्येही शेवटचा शब्द मात्र अर्डिथ होस्टेटलरचा. ती बोलायला लागली की लोइसच्या डायनरमध्ये कॉफीचे कप खाली ठेवले जायचे आणि माना डोलायच्या. तिचा निकाल बहुतेक वेळा एकच असायचा, "टिकणार नाही."

यात अक्कल किती आणि सोय किती, हे कुणी कधी विचारलं नाही. आमच्या गावचा संघ मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खालचा. इथे दर वसंतात पंचवीसेक पोरं येतात, त्यातलं एखादं वर पोचतं. बाकीचे पुढे विमा विकतात, नाहीतर एखाद्या शाळेत पोरांना कवायत शिकवतात. तेव्हा सगळ्यांबद्दल "टिकणार नाही" म्हणत सुटलं की झालात ज्ञानी! आणि चुकून एखादा टिकलाच, तर त्याचा फोटो अर्डिथच्या फ्रिजवर लागायचा. "मी तेव्हाच मर्लला म्हटलं होतं, हा वेगळा आहे म्हणून," असं ती छातीठोक सांगायची. मर्ल म्हणजे तिचा नवरा. तिने खरंच म्हटलं होतं की नाही हे त्याला आठवायचं नाही, आणि आठवलं तरी त्याला संध्याकाळचं जेवण त्याच घरात जेवायचं होतं.

उभं आयुष्य तिने शाळेची बस चालवली होती. आरशात नुसतं बघून मागच्या बाकावर कोण खोडी काढणार ते ती ओळखायची, आणि तेव्हापासून तिचा पक्का समज झाला होता की माणूस आपल्याला आरपार दिसतो. निवृत्त झाल्यावर बघायला पोरं उरली नाहीत, म्हणून तिने खेळाडू ठेवून घ्यायला सुरुवात केली. खालच्या लीगमधल्या पोरांचा पगार इतका भिकार असतो की खोली भाड्याने घेणं परवडत नाही. मग गावातली घरंच त्यांना हंगामभर ठेवून घेतात. घराला मैदानात पहिल्या रांगेत जागा मिळते, गल्लीत मान मिळतो. या घरांचा नियम एकच, आणि तो कुठे लिहिलेला नाही. न्याहारीच्या टेबलावर ऐकलेलं टेबलावरच ठेवायचं. कुणाची मैत्रीण रुसली, कुणाचा बाप पितो, कुणाचा खांदा दुखतो, हे सगळं त्या घरांना कळतं, आणि ते दाराबाहेर जात नाही. अर्डिथनेही हा नियम इतकी वर्षं पाळला होता, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. एरवी तिच्या बाजूने सांगण्यासारखं फार नाही.

त्या वर्षी तिच्या तळघरातल्या खोलीत लॉनी टॉलिव्हर आला. मिसिसिपीचा, बावीस वर्षांचा, या पातळीवर पहिलंच वर्ष. बॅट डावखुरी, बाकी सगळी कामं उजव्या हाताने. मे संपेपर्यंत त्याने चेंडू असे काही मारले की मैदानामागच्या टायरच्या दुकानवाल्याने काचांवर प्लायवूड ठोकलं. गावाने लगेच त्याला डोक्यावर घेतलं. केशकर्तनालयात त्याचा फोटो लागला, लोइसने एका सँडविचला त्याचं नाव दिलं. त्या सँडविचमध्ये आधीच्या वर्षीच्या सँडविचपेक्षा वेगळं काहीही नव्हतं. आधीच्या वर्षी ज्या पोराच्या नावाने ते विकलं जायचं, तो आता कुठे आहे हे विचारलं असतं तर एकालाही सांगता आलं नसतं.

"काय गं अर्डिथ, हा तरी टिकेल का?" हार्लन ब्रूबेकर रोज विचारायचा. हा हार्डवेअरचं दुकान मुलाच्या गळ्यात मारून डायनरच्या काउंटरवर मुक्काम ठोकून बसलेला माणूस.

"जुलै तर येऊ दे," अर्डिथ म्हणायची. "जूनमध्ये सगळेच देवमाणूस असतात."

पण घरी ती त्याच्यासाठी रुबार्ब पाय, म्हणजे आंबटगोड सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ, करायची. खोटं कशाला बोला, त्या पोरावर तिचा जीव जडला होता. तो ताट स्वतः धुवायचा, मर्लबरोबर गप्प बसून बुद्धिबळ खेळायचा आणि तिला "मिस अर्डिथ" म्हणायचा. त्याच्याआधीच्या पोरांनी तिला "ओ बाई" म्हणून हाका मारल्या होत्या.

जुलैच्या मध्यावर एका सकाळी तिने पाहिलं की लॉनी डाव्या हाताने ओटमील खातोय. उजवा हात टेबलाखाली होता.

"वर काढ तो हात."

"काही नाही हो, मिस अर्डिथ."

"बस चालवलीय मी. काढ वर."

त्याने हात वर ठेवला. करंगळीखाली, तळहाताच्या बुडाशी सूज होती. बॅटची मूठ नेमकी तिथेच टेकते. फ्रीजरमधला वाटाण्यांचा पुडा त्यावर दाबून धरत तो म्हणाला, "क्लबच्या डॉक्टरला माहीत नाही. कागदावर मी ठणठणीत आहे. तुम्ही सांगणार नाही ना?"

"हे टेबल कधी बोललंय का?" अर्डिथ म्हणाली, आणि दुपारी जाऊन वाटाण्यांचे आणखी दोन पुडे घेऊन आली.

मग सौद्याची बातमी आली. जुलै संपला की क्लबांना खेळाडूंची अदलाबदल करता येत नाही, म्हणून शेवटचा आठवडा निव्वळ बाजार असतो. आमचा संघ ज्या मोठ्या लीगच्या क्लबचा, त्या क्लबला वर्षाच्या शेवटासाठी एक अनुभवी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हवा होता. पश्चिमेच्या एका क्लबकडे तो होता, आणि त्यांचा मधल्या मैदानातला खेळाडू नुकताच पाय मोडून बसला होता. त्यांनी लॉनीला मागितलं. तेही खालच्या संघासाठी नाही, सरळ मोठ्या लीगमध्ये, शुक्रवारच्या सामन्यात उभं करायला.

गाव पेटलं. छत्तीस वर्षांच्या, पोट सुटलेल्या पिचरच्या बदल्यात आपला हिरा! हार्लनने तर क्लबच्या मालकाला पत्र लिहायची भाषा केली. आयुष्यात हार्लनने पत्र लिहिलं असेल ते फक्त उधारी वसूल करायला. लॉनीला काय हवंय, हे एकाच्याही मनात आलं नाही.

लॉनीला काय हवंय ते टेबलाला माहीत होतं. "माझा बाप एक पायरी खालपर्यंत पोचला होता," त्याने सांगितलं. "सहा वर्षं. वरून बोलावणं आलंच नाही. आता कोंबड्यांचा ट्रक चालवतो. मिस अर्डिथ, मला तिथे दहा वर्षं नकोत. एक दिवस हवाय. एक दिवस जरी त्या मैदानावर उभा राहिलो ना, तर मेल्यावरसुद्धा लोक म्हणतील, मोठ्या लीगचा होता. मग हात राहो नाहीतर जावो, ते कुणाला काढून घेता येत नाही."

"आईवडिलांना सांगितलंस?"

"वडलांनी शुक्रवारची सुट्टी टाकलीय." एवढं बोलून तो कान लाल होईपर्यंत हसला.

बुधवारी सकाळी डुएन फॅरिसचा रेडिओवरचा कार्यक्रम डायनरमधूनच व्हायचा. हा डुएन म्हणजे गावचा आवाज. स्वतःचं मत एकही नाही, पण दुसऱ्याच्या तोंडातून काढण्यात पटाईत. काउंटरवर त्याचा माइक, एका बाजूला हार्लन, दुसऱ्या बाजूला अर्डिथ. कोपऱ्यातल्या टेबलावर एक अनोळखी माणूस अंडी खात होता. त्या आठवड्यात अशी माणसं गावात खूप होती. मोटेलमध्ये उतरायची, सामन्याला कुंपणामागे बसायची, कुणाशी बोलायची नाहीत. ती दुसऱ्या क्लबांनी खेळाडू पारखायला पाठवलेली असतात, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. अर्डिथलाही कळत होतं, पण समोर माइक होता.

"तर मग, हा सौदा म्हणजे दरोडा आहे की नाही?" डुएनने विचारलं.

"दिवसाढवळ्या दरोडा!" हार्लन गरजला. "हा पोरगा पंधरा वर्षं टिकणारा आहे."

"तुला रे काय कळतंय?" अर्डिथ म्हणाली. "मागच्या वर्षीच्या त्या केंटकीच्या पोरालाही तू पंधरा वर्षं दिली होतीस. पंधरा आठवडे तरी टिकला का तो?"

सगळे हसले. तिला बरं वाटलं. हे बरं वाटणं फार वाईट असतं.

"म्हणजे तुझ्या मते लॉनी टिकणार नाही?" डुएनने चेंडू बरोबर तिच्या अंगावर टाकला.

इथे ती थांबली. हे खरं आहे, डुएनही सांगेल. क्षणभर तिने कपातल्या कॉफीकडे पाहिलं.

"ती कसली सांगते!" हार्लन म्हणाला. "बाई पाघळलीय. त्या पोराला रुबार्ब पाय करून घालते, माझ्या बायकोने पाहिलंय. यंदा कोर्टाला सुट्टी, मंडळी! न्यायाधीशबाई पोराच्या प्रेमात पडल्या!"

डायनर खो-खो हसलं. आता हसू तिच्यावर होतं. ज्या काउंटरवर तिचा शब्द चालायचा, तिथे आज हार्लनसारख्या खिळेविक्याने तिची टोपी उडवली. ते तिला सोसलं नाही.

"मी पाघळलेय?" ती म्हणाली. "ऐक तर मग. सौदा क्लबच्याच फायद्याचा आहे. तो पोरगा ऑगस्टसुद्धा काढायचा नाही. दोन आठवडे झाले, डाव्या हाताने जेवतोय. उजव्या हाताला चमचा धरवत नाही त्याच्याने. माझा फ्रीजर वाटाण्यांनी भरलाय, विचारा मर्लला! पाघळलेय म्हणे!"

काउंटरवर कुणीतरी शीळ घातली. अर्डिथने विजयी मुद्रेने चौफेर नजर फिरवली, आणि तेव्हा तिला कोपऱ्यातलं टेबल दिसलं. अंडी अर्धी तशीच होती. माणूस बाहेर, दाराशेजारच्या फोनवर उभा होता.

दुपारपर्यंत सौदा मोडला. संध्याकाळी क्लबच्या डॉक्टरने लॉनीच्या हाताचा एक्स-रे काढला. लहानसं हाड तडकलं होतं. शुक्रवारी पश्चिमेच्या त्या मैदानावर दुसराच कुणी पोरगा उभा राहिला. त्याचं नाव मला माहीत नाही, पण मोठ्या लीगच्या यादीत ते कायमचं आहे.

अर्डिथ घरी स्वयंपाकघरात बसून होती. लॉनी बॅग घेऊन वर आला. आरडाओरडा केला असता तर तिला उत्तर देता आलं असतं. उत्तरं तिच्याकडे ढिगाने होती. दुखणारा हात घेऊन खेळणं बरं नव्हे. समोरच्या क्लबला फसवणं बरं नव्हे. आज ना उद्या कळलंच असतं. सगळी खरी, आणि त्यातलं एकही सकाळी माइकपुढे तिच्या मनात आलेलं नव्हतं.

"वडलांना फोन केलास?" तिने विचारलं.

"केला. ते म्हणाले, सुट्टी रद्द करता येते."

"लॉनी, तो हार्लन..."

"ऐकलं मी, मिस अर्डिथ. संघाच्या बसमध्ये रेडिओ चालू होता, सगळ्यांनी ऐकलं." त्याने मर्लशी डाव्या हाताने हात मिळवला आणि तो गेला. का गेला हे त्याने क्लबला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. क्लबने पुढच्या वर्षीही अर्डिथकडे खेळाडू पाठवला, कारण तिचं घर चांगलं समजलं जातं.

शस्त्रक्रिया झाली. हाड काढलं. डॉक्टर म्हणाले, ताकद परत येईल. येते बऱ्याच जणांची. लॉनीची आली नाही. ज्या चेंडूंनी प्लायवूड हाणलं होतं, ते आता कुंपणाच्या अलीकडे अलगद झेलले जाऊ लागले. हात बरा झाला नव्हता, की मन खचलं होतं, की मुळातच तो एका उन्हाळ्याचा खेळाडू होता, हे कुणाला सांगता येणार नाही. अर्डिथला तर नाहीच नाही. उभ्या आयुष्यात तिला ज्या एका पोराचा निकाल खरोखर जाणून घ्यायचा होता, त्याचा निकाल तिनेच नासवून ठेवला होता.

पुढच्या जूनमध्ये हार्लनने पेपरातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "सोडलं बघा टॉलिव्हरला! नारळ दिला! चोवीसही पूर्ण नाही आणि खेळ खलास." मग त्याने मोठ्या मनाने, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशा बेताने, अर्डिथपुढे मान लववली. "हरलो बाई. तू म्हणालीस तेच झालं. लोइस, हिला माझ्याकडून एक रुबार्ब पाय."

टाळ्या वाजल्या. डुएनने माइक सरकवला. "अर्डिथ, सगळं गाव उलट बाजूला होतं, आणि तू एकटी खरी ठरलीस. कसं ओळखलंस गं?"

अर्डिथने पायची बशी बाजूला सारली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण डायनरमधल्या दिव्यांखाली सगळ्यांचेच चेहरे तसे दिसतात.

"मी ओळखलं नाही," ती म्हणाली. "मी बोलले म्हणून तो टिकला नाही."

हार्लनने काउंटरवर थाप मारली. "ऐकलंत का! गर्व तर बघा बाईचा! म्हणे ही बोलते आणि पोरं पडतात!" डायनर हसून हसून लोटपोट झालं. डुएन डोळे पुसत म्हणाला, "परत एकदा म्हण गं, माइकच्या जवळ येऊन. हे रेडिओवर हवंच."

ती जवळ सरकली आणि दुसऱ्यांदा तेच बोलली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. दुसऱ्यांदा लोक जास्त हसले.