गुळभेंडीचा पट्टा

वालूरच्या भुजंगरावांचं सगळं ज्ञान अंगठ्याच्या नखात होतं. ज्वारीच्या कणसातला दाणा नखानं दाबायचे, दूध किती निघतं ते बघायचे आणि सांगायचे, "हे आज भाजा, ते परवा." खोटं कशाला बोला, नर्मदाबाई नवी सून होती तेव्हा या नखावरच भाळली होती.

बहात्तरला भुजंगराव आमदार झाले, दोन वर्षांत मंत्री. मुंबईला जाताना म्हणाले, "पौषात हुरड्याला येतो बग." नर्मदाबाईनं विहिरीजवळ गुळभेंडीचा पट्टा पेरला, खास हुरड्याची ज्वारी. पण हुरडा काय कुणासाठी थांबतो? पंधरा दिवसांत दाणा निबर. दर पौषात ती हुरडा भाजायची आगटी खणून ठेवायची आणि मुंबईहून निरोप यायचा, दौरा आहे. तीन पौष पाखरांनीच खाल्ले. जे नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं ते रेडिओवरचा माणूस खुशाल घ्यायचा, अन् तिचा जीव तुटायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या पौषात मंत्रिपद गेलं. भुजंगराव घरी आले. गाव ओसरीवर सुतकात बसल्यासारखं बसलं. नर्मदाबाई आत तोंडाला पदर लावून उभी. बायका म्हणाल्या, "रडायलीय बिचारी." ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं आगटी पेटवली. भुजंगरावांनी गरम हुरडा तोंडात टाकला. "लय गोड हाय गं!"

तिचा ऊर भरून आला. "आवो, आता हितंच ऱ्हावा."

"उद्या मुंबईला निघतो. मोठ्या साहेबाला हुरड्याचं लय याड. पोतंभर कणसं बांध. साहेब खूश झाला तर मंत्रिपद परत भेटंल."

सकाळी ती विळा घेऊन पट्ट्यात गेली. कवळ्या कणसांना हातही लावला नाही. बांधाकडची निबर कणसं तेवढी बघून बघून कापली. साहेबाचे दात दुखू देत, मंत्रिपद दुसऱ्या कुणाला मिळू दे, नवरा मला मिळू दे.

पोतं जीपजवळ ठेवून ती त्यांच्या अंगठ्याकडं बघत राहिली. आता ते दाणा दाबणार आणि चोरी उघडी पडणार. भुजंगरावांनी दोन कणसं हातात घेऊन फिरवली, "झकास" म्हणाले आणि जीपमध्ये बसले. नख काही लावलं नाही.

धुरळा खाली बसेपर्यंत नर्मदाबाई तिथंच उभी राहिली. चोरी पचली होती, तरी तिला रडू कोसळलं. त्यांनी पकडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.