लक्ष्मी अक्कांच्या गोठ्यातली धुरी

ईरा, आरव,

तुमची आजी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दिवे गेले की मी आधी फ्यूज बघते, देवाला हात नंतर जोडते. तरी मागच्या महिन्यातली ही गोष्ट मला कुठल्याच कप्प्यात ठेवता येत नाहीये...

क्वीन्सटाउनच्या आमच्या ब्लॉकमध्ये शेजारी लक्ष्मी अक्का राहतात. तमिळ, पण जन्म इथलाच, सिंगापूरचा. वडिलांचा दुधाचा धंदा होता – झावळ्यांचं घर, मागे गोठा. हल्ली त्यांना काल-आजचा मेळ लागत नाही. त्या दिवशी दिवेलागणीच्या सुमारास त्यांचा मुलगा मुरुगन दारात आला.

"आंटी, अम्मा तुमच्याकडे आहे ना?"

नव्हत्या. तो एमआरटी स्टेशनकडे पळाला. ऑफिसं सुटायची वेळ, रस्त्यावर गाड्याच गाड्या, आणि अक्कांना आता सिग्नलही कळत नाही.

मी लिफ्टनं खाली उतरले आणि थबकले. धुराचा वास! पेटत्या गोवरीवर ओला कडुनिंब टाकला की येतो, तो. माझ्या माहेरी, सांगलीजवळच्या खेड्यात, गुरांना डास चावू नयेत म्हणून तिन्हीसांजेला गोठ्यात अशी धुरी घालायचे. इथेही डासांसाठी धूर मारतात, पण त्याला औषधाचा, डिझेलचा वास.

वासामागोमाग गेले. कार पार्कच्या पलीकडे, मोठ्या झाडाखाली अक्का उकिडव्या बसलेल्या, अनवाणी. वास तिथे सगळ्यात दाट, पण धूर कुठेच दिसेना.

"किती उशीर, लाह," अक्का इथल्या बोलीतलं 'लाह' लावून रागावल्या. "गाई केव्हाच्या आल्यात. तू धुरी घातलीस म्हणून तर मला वाट सापडली."

"मी नाही घातली, अक्का."

"मग कोणी? मी तर आत्ताच येतेय."

तेवढ्यात मुरुगन पोचला. त्याला कसलाच वास येईना. "आंटी, आता तुम्हीपण?" म्हणाला, आणि आईच्या पायात चपला घालता घालता रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी झाडाखाली पाहून आले. राख नाही, जळकं पान नाही. झाडलोट करणाऱ्याला विचारलं – फवारणी झालेली नव्हती. अक्कांच्या गाईंच्या गोष्टी मी रोज ऐकते. काळजीत मनानं खेळ केला असेल, असं म्हणून मी विषय संपवलाही असता.

पण त्याच संध्याकाळी मुरुगनच्या बायकोनं बेल वाजवली. "आंटी, काल तिथे काय जाळलं होतं? शाम्पू केला तरी अम्माच्या केसांचा धुराचा वास जात नाहीये."

मी जाऊन हुंगून आले. तोच वास.

ईरा, तू केमिस्ट्री शिकतेस, म्हणून विचारते. नाकाला भास होतो, मान्य. पण केसांना?