काकींच्या परड्यातले टोमॅटो

"पानी डोक्यावर न्हाई वतायचं बाई, पायात वतायचं!" असं म्हणत काकी माझ्या हातातला तांब्या काढून घ्यायच्या आणि उकिडव्या बसून टोमॅटोच्या बुडाशी बारीक धार सोडायच्या. चुकून पानावर पाणी उडालं तर पदराने टिपायच्या. स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांची एवढी निगा त्यांनी कधी केली नाही.

मी तेव्हा आष्ट्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझी भाड्याची खोली आणि काकींचं घर यांच्यामध्ये त्यांचं परडं होतं, त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य मला खिडकीतून दिसे. घरचा ऊस, दोन म्हशी, दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेलेला एकुलता मुलगा आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेले नवरोबा. त्यांना सगळे आबा म्हणत. काकींनी स्वतः माळ घातली नव्हती. कुणी विचारलं तर म्हणत, "ह्यांची एक बास हाय घराला." माळकऱ्याच्या घरी मटण करायचं तर परड्यातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, हा रिवाज तुम्ही पाहिला असेल. काकींकडेही तशी चूल होती.

लढाई संपली आणि मुलगा इटलीहून परत आला. अंगाने धडधाकट, पण जेवणावरची वासना पार उडालेली. भाकरीचा तुकडा मोडायचा, ताटात ठेवायचा आणि उठायचा. काकींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाचं तोंड उघडलं. "आये, तिकडं एक म्हातारी टमाटं द्यायची. तांबडी फळं. तेवढं ग्वाड लागायचं बघ." त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत काडेपेटीभर बिया होत्या. काकींनी त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच दिवशी पेरल्या.

तो डाव फसला. वांग्यासारखंच असणार असं धरून त्यांनी भर पावसाळ्यात रोपं दाट लावली. उघडीप पडली की वरून घागरी ओतल्या. पानांवर काळे ठिपके आले, करपा पसरला आणि सगळी सरी झोपली. शेजारणी म्हणाल्या, "इलायती झाड त्ये. हितं कशाला जगतंय?"

"माझं पोरगं तिकडं जगलं न्हवं?" काकी म्हणाल्या. "मग हे हितं जगंल."

उरलेल्या बिया त्यांनी दसऱ्यानंतर पेरल्या. या वेळी रोपं हात-हात अंतरावर, खोडाचा बराच भाग मातीत गाडून. मातीला टेकणारी खालची पानं काढून टाकली. तुरकाठ्यांचा आधार दिला आणि सुतळी खोडाला कापते म्हणून आबांचं जुनं धोतर फाडून त्याच्या पट्ट्यांनी झाडं सैल बांधली. बुडाशी उसाच्या वाळक्या पानांचं पाचट पसरलं, म्हणजे ओल टिकते आणि चिखल पानावर उडत नाही. रोज सकाळी पानांच्या बगलेतले फुटवे खुडत. एका झाडाची पानं रोगाने चुरडली, तेव्हा त्यावर फळं धरलेली असूनही उपटून जाळलं. मी हळहळले तर म्हणाल्या, "ह्याची दया केली की समदी सरी गेली म्हनून समजा."

पौषात फळं पिकली. काकींनी स्वयंपाकघरात पहिलं फळ चिरलं, विळीवरून लाल रस ओघळला आणि आबा ताडकन उठले.

"रगात हाय हे! माझ्या चुलीवर चढायचं न्हाई!"

त्या काळी तो रंग बघून पुष्कळ माळकरी टोमॅटोला शिवत नसत. काकींनी वाद घातला नाही. टोपली उचलली, परड्यात गेल्या आणि मटणाच्या चुलीवर कांदा-लसूण घालून रस्सा केला. मुलगा तिथंच बसून दोन भाकरी जेवला. काकी तोंड फिरवून चुलीत फुंकत बसल्या. चूल चांगली पेटलेली होती.

पण आता मुलगा आत जेवायला येईना आणि आबा बाहेर येईनात. "पोरगं जेवाय लागलं बाई," काकी मला म्हणाल्या. "पर बापल्योक दोन चुलींवर जेवत्यात. ह्याला घर म्हनायचं व्हय?"

"मी सांगू का आबांना, की ही साधी भाजी आहे?"

"तुमचं ऐकत्यात व्हय? माझं लगीन झाल्यापास्नं ऐकलं न्हाई."

मग त्यांनी स्वतःचंच ताट बाहेर नेलं. आबांचं पान आत वाढायचं, झाकायचं, "आवं, वाढलंय," अशी हाक द्यायची आणि परड्यात मुलाशेजारी बसायचं. भांडण नाही, टोमणा नाही. आबांनी काही दिवस रेटलं. आत भांडी जरा जास्त जोरात आपटल्याचे आवाज येत.

एका दुपारी आबा एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात पाट घेऊन परड्यात आले. चुलीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "आत लय उकडतंय."

थंडीने माझे ओठ फुटले होते.

"व्हय, लय उकडतंय," काकी म्हणाल्या. "ठेचा देऊ का?"

मुलगा ताटात बघून हसला. त्याचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पुढे माझी बदली सांगलीला झाली. काकी न्यूमोनियाने गेल्या, ते मला उशिरा कळलं. भेटायला गेले तेव्हा घराचा पुढचा दरवाजा नुसता लोटलेला होता आणि आत कुणी नव्हतं. बापलेक परड्यात जेवत होते. आबांनी सरकून मला पाट दिला. "बसा बाई. आत कोन जेवत न्हाई आता."

त्यांच्या ताटात पिठलं-भाकरी होती, गळ्यात माळ होती. मुलाच्या ताटातला रस्सा संपला तसं आबांनी पळी उचलली, तांबड्या रश्शात बुडवली आणि त्याच्या भाकरीवर ओतली. मग हात धुतले, आणि आपल्या पिठल्याकडे वळले.