धुरपताबाईच्या गुंडीचा नंबर

सालेकशाच्या पुढे जंगलातल्या एका गावात धुरपताबाई अठरा वर्षांपासून शाळेची खिचडी रांधते. मतदान त्याच शाळेत, त्यामुळे मतदानवाल्यांचा अन् जवानांचा स्वयंपाकही तिच्याच गळ्यात. या भागात पूर्वी बंदूकवाल्यांची दहशत, म्हणून मतदान तीनलाच बंद. पन्नास माणसं जेवू घालायची की रांगेत उभं राहायचं? मागच्या तिन्ही इलेक्शनला बाई हात पुसत आली अन् दार लागलेलं.

यंदा म्हणे सगळं शांत झालं. तहसीलचे साहेब, राज्याचे पोलीस अन् बाहेरून आलेले जवान, तिघांनी मिळून सभा घेतली. निर्भय होऊन मत द्या, सुरक्षा आमची जबाबदारी, असं घसा फाटेस्तोवर सांगितलं. वेळ मात्र तीनचीच! भीती गेली त तीनले कुलूप कायले, असं धुरपताबाईने विचारलंही. वरून आदेश आहे, साहेब म्हणाले. झालं, वरचं नाव निघालं की खालच्यांनी गप्प बसायचं.

पण बाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. बोरिंगवर पाण्याचा नंबर कसा लावतात? आपली गुंडी, म्हणजे पाण्याची कळशी, रांगेत ठेवायची अन् घरची कामं उरकून यायचं. गुंडीचा नंबर मारायची गावात कोणाची छाती नाही. साडेबाराला तिने मतदानाच्या रांगेत शेजारच्या शकुंतलाबाईच्या मागे झाकण लावलेली स्टीलची गुंडी ठेवली अन् भाताकडे वळली.

एका जवानाची नजर त्या बेवारस गुंडीवर पडली अन् शिट्टी वाजली. सगळी रांग धानाच्या बांधीत हाकलली, चुलीपासून धुरपताबाईलाही उठवलं. आत पाणी आहे, मी उघडून दाखवते, असं ती दहादा म्हणाली. पण ऐकतो कोण! सालेकशाहून बॉम्ब तपासणीवाले बोलावले. ते पावणेतीनला आले. त्यांनी यंत्र लावलं, दुरून झाकण उडवलं. पाणीच निघालं, दुसरं काय निघणार?

तीनच्या ठोक्याला जो रांगेत, त्यालाच चिठ्ठी अन् चिठ्ठी असेल त्यालाच मत, म्हणून तीनला केंद्रावरच्या साहेबांनी घाईघाईने रांग लावली अन् उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या वाटू लागले. बायकांनी शकुंतलाबाईच्या मागे एका माणसाची जागा मोकळी सोडली होती. धुरपताबाई तिथे येऊन उभी राहिली. तुम्ही रांगेत नव्हतात, साहेब म्हणाले. आता मात्र तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"तीन इलेक्शन मी जितीजागती दाराशी आली, तवा तुमाले दिसली नाही साहेब. आज गुंडी दिसली त सारी फौज धावली. मंग त्या गुंडीचंच मत घ्या."

साहेबांनी पुढे धरलेली चिठ्ठी शकुंतलाबाईने घेतलीच नाही. तिच्या मागच्या बायकांनीही हात मागे घेतले. तिले आधी, एवढंच त्या म्हणाल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं, कपाळ पुसलं अन् धुरपताबाईला चिठ्ठी दिली.

बोटाला शाई लावून ती परतली तेव्हा चुलीवरचा भात पार करपून गेला होता. तोच तिने सगळ्यांना वाढला.