सुमनच्या पर्समधला कांदा

सुमन मरणार आहे हे मी तिच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की ती खरोखर गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रागच आला. दुपारची वेळ होती, मी वर्षाचे गहू निवडत बसले होते. तिची मुलगी मीना म्हणाली, "मावशी, आई गेली," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अशी कशी गेली? बसव तिले, पाणी दे. उतरते थोड्या वेळात." पलीकडून मीनाचं रडणं ऐकू आलं... मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुपातले गहू तसेच राहिले. त्याला आता महिना होत आला.

हे नीट सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. सुमन आणि मी आर्वी रोडवरच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर मास्तरणी होतो. ती नालवाडीहून यायची, मी पिपरी मेघ्याहून, आणि वर्ध्याच्या स्टँडवर सकाळच्या आष्टी गाडीत आमची गाठ पडायची. ती चौथीला शिकवायची, मी दुसरीला. सुमन म्हणजे दणकट बाई. तिचा आवाज चढला की मधल्या भिंतीपलीकडची माझी पोरंही पाठ सरळ करून बसत. एकदा शाळेच्या पडवीत साप निघाला तेव्हा आमचे हेडमास्तर खुर्चीवर चढले आणि सुमननं तो काठीनं उचलून कुंपणापलीकडे टाकला. हे मुद्दाम सांगते, कारण जे पुढे झालं ते फक्त भित्र्या माणसांना होतं असं अजूनही पुष्कळांना वाटतं. वाटो बापडे. त्यांनी सुमनला पाहिलेलं नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळची शाळा सुटून आम्ही दुपारच्या गाडीनं परतत होतो. आमच्या भागातलं ऊन ज्यानं सोसलंय त्याला त्या गाडीच्या पत्र्याचं वर्णन करून सांगायला नको. सुमन खिडकीशी बसून पोरांच्या परीक्षेचं काहीतरी सांगत होती आणि बोलता बोलता मधेच थांबली. तिनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. छाती धडधडत होती, श्वास पुरत नव्हता, हातापायांना मुंग्या, घशात आवंढा अडकलेला. "प्रमिला, मी मरून राह्यली वं. गाडी थांबव." कंडक्टर देवरावनं घंटीची दोरी ओढली आणि आम्ही एका फाट्यावर, निंबाच्या झाडाखाली उतरलो. तिथल्या चहावाल्यानं तिच्याकडे एक नजर टाकून निकाल दिला, "ऊन लागलं बाईले." त्यानं कांदा फोडून दिला, मी तो तिच्या तळपायांना चोळला, नाकाशी धरला, आणि थोड्याच वेळात सुमन माणसात आली. झालं, सगळं श्रेय कांद्याला गेलं.

उन्हात निघणाऱ्यानं खिशात कांदा ठेवावा, ही आमच्याकडची जुनीच रीत. सुमनच्या सासूबाई दुसऱ्या दिवसापासून तिच्या पर्समध्ये रुमालात बांधून कांदा ठेवू लागल्या. त्रास पुन्हा आला, सुमननं पुन्हा कांदा हुंगला, त्रास पुन्हा उतरला. तो कांद्यावाचूनही उतरलाच असता, हे कोणाच्या लक्षात यावं? पुढे पौषात, अंगावर शाल असताना शाळेत तिला तसंच झालं, तेव्हाही आम्ही कांदाच काढला. पौषातलं ऊन! आज हसू येतं, पण तेव्हा कोणी हसलं नाही, कारण तिचा चेहरा पाहून हसवत नसे.

मग हृदयाचं असेल म्हणून तिचे यजमान तिला वर्ध्याला घेऊन गेले. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, सगळं साफ निघालं. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, मनाचं आहे," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सुमन त्या 'काही नाही'नं फार दुखावली. मला म्हणाली, "मी तिकडं मराले लागते अन् हे म्हणते काई नाई. मंग मी ढोंग करून राह्यली का वं?" दुखणं निघालं असतं तर तिला बरं वाटलं असतं, अशी तिची गत झाली होती.

त्यानंतर तिचं जग आकसत गेलं. प्रत्यक्ष त्रास यायचा कधीमधी, पण तो येईल ही धास्ती तिच्या मानगुटीवर दिवसभर बसलेली असायची. लग्नात ती दाराजवळची जागा धरायची, बाजारात जाणं सोडलं, देवळात गर्दी असली की बाहेरूनच हात जोडायची. आणि गाडीत तो निंबाचा फाटा जवळ आला की तिला उतरायचंच असायचं. तिच्यासोबत मीही उतरायची, आणि पुढची गाडी येईपर्यंत आम्ही दोघी निंबाखाली उकडत बसायचो. देवराव भला माणूस होता. फाटा दिसला की न सांगता घंटी ओढायचा आणि म्हणायचा, "या मॅडम, तुमचं स्टेशन आलं." त्याला वाटे आपण मदत करतो. मलाही तेच वाटे.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, सुट्ट्या लागायला थोडे दिवस उरले असताना, तिनं निंबाखाली मला सांगितलं, "मी हेडमास्तरले सांगून टाकलं. सुट्टीनंतर मी नाई येत." मी अशी भडकले की चहावाला उठून आत गेला. ही नोकरी सुमननं घरात भांडून मिळवली होती. चौथीच्या वर्गात ती ज्या तऱ्हेनं उभी राहायची, त्या तऱ्हेनं ती दुसरीकडे कुठेच उभी राहत नव्हती. ते सुटलं असतं तर ती नालवाडीच्या त्या दोन खोल्यांतून पुन्हा बाहेर पडली नसती, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं... ती रडत नव्हती, नुसती जमिनीवरच्या निंबोळ्या गोळा करत होती.

त्याच आठवड्यात मी तिला ओढत दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण होते, बदलीवर आलेले. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "बाई, तुम्हाला होतं ते खरं आहे. धडधड खरी, भीतीही खरी. फक्त धोका खोटा आहे. घरचं कुत्रं चोर नसतानाही कधी भुंकत सुटतं ना, तसं हे. कुत्रं वाईट नाही, राखणच करतंय. भुंकून भुंकून थकतं आणि गप्प बसतं. पण तुम्ही दर वेळी घर सोडून पळता, म्हणून त्याला वाटतं, चोर होताच." त्यांनी काही दिवसांसाठी गोळ्या दिल्या, पण औषध म्हणाल तर खरं एकच सांगितलं : उतरायचं नाही. तो चढेल, चढू द्यायचा, शेवटपर्यंत गाडीत बसून तो उतरताना पाहायचा. कांद्याचं ऐकून ते हसले. "ठेवा, पण उन्हासाठी." माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही यांच्यासोबत उतरू नका." याचा मला रागच आला. मैत्रीण उतरल्यावर मी काय गाडीत बसून राहायचं?

दुसऱ्या दिवशी सुमन फाट्यावर उतरली, त्याच्या पुढल्या दिवशीही. मी बसून राहायला शिकले, ती शिकेना. डॉक्टरांचं सगळं तिला पटलं होतं, पण पटलेलं मेंदूत राहतं आणि धडधड छातीत होते. पर्समध्ये कांदा होताच.

मग शाळेचा शेवटचा दिवस आला. दुपारच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. देवरावचा चेहरा चढतानाच मला लालबुंद दिसला होता. तिकिटं फाडता फाडता त्याचा तोल गेला आणि तो आमच्या सीटवर कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध. त्याला मात्र खरंच ऊन लागलं होतं. लोक नुसते ओरडत होते. सुमननं उठून त्याला आपल्या जागेवर आडवं केलं, त्याच्या सदऱ्याची बटणं सोडली, आपला पदर पाण्यात भिजवून त्याच्या डोक्यावर ठेवला. पर्स उघडली, रुमाल सोडला, आणि तो कांदा बुक्कीनं फोडून त्याच्या तळहातांना, तळपायांना चोळू लागली. कोणाला वारा घालायला लावलं, ड्रायव्हरला सांगितलं, "सरळ दवाखान्यात घे." हे सगळं ती चौथीच्या वर्गाला सांगावं तसं सांगत होती.

आणि मग चोळता चोळता ती मधेच थांबली. ओठ पांढरे पडले. मी ओळखलं, आला. तिनंही ओळखलं. एकदा तिनं रिकाम्या पर्सकडे पाहिलं... कांदा देवरावच्या पायांखाली चुरा होऊन पडला होता. नेमका त्याच वेळी फाटा आला. ड्रायव्हरला बिचाऱ्याला सवय होती, त्यानं गाडी हळू केली आणि वळून विचारलं, "मॅडम, उतरता का?" दार उघडंच होतं, निंबाची सावली दिसत होती. सुमनचा श्वास मला दोन माणसांपलीकडून ऐकू येत होता. देवरावचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"नाई," ती म्हणाली. "चाल तू."

पुढचा रस्ता तिनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. घामानं निथळत होती, डोळे गच्च मिटलेले, पण हात देवरावच्या कपाळावरून हलला नाही. वर्धा दिसू लागलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "थकलं वं कुत्रं." मी भर गाडीत रडले. आनंदानं रडले, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

देवराव वाचला. मॅडमच्या कांद्यानं वाचलो, असं तो पुढे जन्मभर सांगत राहिला. पाण्यानं आणि दवाखान्यानं वाचला हे सुमनला ठाऊक होतं, पण तिनं त्याचा हिरमोड केला नाही. सुट्टीनंतर ती शाळेत हजर होती, आणि मग निवृत्त होईपर्यंत. त्रास पुरता गेला असं नाही. पुढेही कितीतरी वर्षं कधी फळ्यापाशी ती क्षणभर थांबायची, भिंतीला हात टेकायची. मी दारातून खूण केली की म्हणायची, "भुंकून राह्यलं, भुंकू दे," आणि गणित पुढे चालू. आमच्या पिपरीतल्या एका नव्या सुनेला असंच होऊ लागलं आणि घरचे बाहेरची बाधा म्हणून मांत्रिक शोधू लागले, तेव्हा सुमन आपणहून आली. त्या पोरीचा हात हातात घेऊन म्हणाली, "भूत-बित काई नाई बाई. मलेबी होते. मेली का मी?" त्या पोरीचा चेहरा मला अजून आठवतो. पुढे मीना शिकली, तिनं कुठेतरी वाचून सांगितलं की याला पॅनिक अटॅक म्हणतात. सुमन म्हणाली, "नाव बरं हाय. आम्ही उगाच ऊन म्हणत होतो."

शेवटी मूत्रपिंडं थकली. मी भेटायला गेले तर मलाच आत जाववेना, दाराशीच उभी राहिले. ती पडल्या पडल्या हसली. "काऊन घाबरली वं? मरायची तालीम मी तुझ्यासमोरच केली ना? बस इथं. उतरू नको." मी बसले. बराच वेळ बसले.

तेरवीहून निघताना मीनानं दाराजवळच्या टोपलीतून एक कांदा काढून माझ्या पर्समध्ये टाकला. सुमनच्या दारात ती टोपली उन्हाळाभर असायची, जाणाऱ्या प्रत्येकाला ती एक कांदा द्यायची आणि बजावायची, "उन्हासाठी हाय, भ्यावासाठी नाई." मीनाही तसंच म्हणाली. गेल्या आठवड्यात एका लग्नासाठी मी आर्वीला निघाले. गाडीत एकटीच होते. तो फाटा आला. रस्ता रुंद केला तेव्हाच निंब गेला, चहावाला तर कधीचाच गेला. पण ती जागा दिसली आणि माझ्या छातीत काहीतरी असं उसळलं की मी उठून उभी राहिले. वाटलं, उतरावं, तिथं मातीत बसावं आणि मनसोक्त रडून घ्यावं. तरुण कंडक्टरनं दोरीला हात घातला. "आजी, इथं उतरता का?"

मी सीटचा दांडा धरला आणि खाली बसले.

"नाई," मी म्हटलं. "चाल तू."

त्यानं दोनदा घंटी दिली.